तयार असाल तेव्हा

ओझरच्या मनोऱ्यात, पहाटे पाच-चाळीसला,
काचेपलीकडे काहीच नव्हतं.
धावपट्टीचे दिवे मी पूर्ण उजेडावर केलेले,
तरी तिसऱ्या दिव्यानंतर
कुणीतरी चुन्याचा हात मारलेला.

पूर्वेकडून एक मालवाहू विमान येत होतं.
त्यात कॅप्टन बाळिगा,
सहा वर्षं मी त्यांना फक्त आवाजाने ओळखते.
आधी घसा साफ करतात, मग आकडे, सावकाश.

मी म्हटलं, पाच हजारांवर या,
तयार असाल तेव्हा.

हे वाक्य आमच्या पोथीतलं, माझं नाही.
बाकी सगळे हुकूमच असतात:
डावीकडे वळा, वेग कमी करा, थांबा.
इथेच तेवढी दोरी सैल.
किती खाली यायचं ते मी सांगते,
कधी निघायचं ते वरचा माणूस ठरवतो.
सोडलेली उंची मात्र
विचारल्याशिवाय परत घ्यायची नाही.

शिकाऊ तन्वीर अत्तार विचारतो,
मॅडम, याला मराठीत काय म्हणायचं?
मर्जी म्हणावं तर लहर वाटते.
मुभा म्हणावं तर उपकार.
विवेक कीर्तनात बरा.
मी म्हटलं, 'तुझं तू बघ.'
आई हे रागात म्हणायची, भांडी आपटत.
बाबा एकदाच म्हणाले,
मी या नोकरीचा अर्ज भरताना,
आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

मग उतरायची परवानगी दिली.
परवानगी म्हणजे उतराच असं नव्हे,
हे तन्वीरला अजून पटत नाही.

पडद्यावरचा ठिपका निफाड ओलांडून आला,
सुकेण्यावर आला.
दोन हजार एकशे फुटांवर दिवे दिसायला हवेत.
नाही दिसले तर
ते 'तर' माझ्या टेबलावर नाही.
मी बटणावरचा अंगठा उचलून धरला.

आधी इंजिनांची गर्जना, मग घसा, मग
'गोइंग अराउंड.'
चाक काय, सावलीही दिसली नाही.

'पाच सेकंद थांबले असते तर दिसले असते दिवे,'
तन्वीर पुटपुटला.
असतीलही.
ते पाच सेकंद त्यांचे होते.

मी म्हटलं, सरळ चढा, पाच हजार.
लगेच म्हणता आलं,
कारण वरची ती जागा
मी साडेपाचपासूनच रिकामी ठेवली होती.
माझ्या वाट्याला एवढंच.

दोन घिरट्यांनंतर बाळिगा मुंबईला वळले.
लॉगबुकात कारणाच्या रकान्यात लिहिलं: हवामान.
रकाना लहान आहे.

ड्युटी संपल्यावर धाकट्याचा, जयेंद्रचा फोन, सुकेण्याहून.
'ताई, पारा तीनवर गेला होता.
रात्रभर बागेत शेकोट्या, डोळे चुरचुरतायत.
पण द्राक्षं वाचली.
आणि ते विमान गं, डोक्यावरून गेलं, मग बोंबलत वर!
झालं काय?'

धुकं होतं, म्हटलं.
त्यातलं धुकं किती, धूर किती,
आणि धुरातला त्याचा किती,
विचारलं नाही.
त्यानेही काडी ओढताना कुणाला विचारलं नव्हतं.
बांधावर एकटा उभा राहिला असेल,
थर्मामीटरवर टॉर्च धरून,
मागच्या सालचे तडकलेले मणी आठवत,
आणि ओढली असेल.