साडेआठची मालिका

साडेआठला निवतीतल्या खिडक्या निळ्या होतात.
मालिकेतला नवरा एप्रन बांधून पोळी लाटतो,
पोळीची श्रीलंका होते
आणि हसतात. कोण, ते दिसत नाही.
दर वेळी तेच हसू, मधल्या त्याच खोकल्यासकट.

आमच्याकडे बाबल खोबरेकर, म्हणजे माझा बाप,
पाठीचा मणका ट्रॉलरवर ठेवून आला
तेव्हापासून चुलीसमोर.
तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने फिरवतो.
पहिलं वर्षभर फाटायची. आता फुगते.
आई लिलावात. सुरमईचा भाव पाडणाऱ्याचा
बापजादा काढून येते,
पायांना खवले तसेच,
आणि पाट ओढून आधी बसते.

परवा ते हसू आलं तेव्हा
बाबाने मान वळवली.
"कित्याक हसतत गो?"
पुरुष आहे ना तो, म्हणून.
"भाकरी करपली म्हणान नाय?"
नाय.

आईने आवाज बंद केला. चित्र चालूच.
हसण्यावाचून तो माणूस
नुसता दमलेला दिसला, कोपरापर्यंत पीठ.
बाबा बघत राहिला बराच वेळ.
"तेचो तवो तापाक नाय," म्हणाला,
आणि आमची भाकरी उलटली.