पट्टा न बांधता

शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं.
टॅलिनमध्ये दिवस केव्हाच मिटलाय.
फेरीबोटीच्या तिकिटांची नवी यंत्रणा
आम्ही जेवणाआधी सुरू केली,
आणि आता बेटांकडे निघालेल्या माणसांची नावं
एकेक करून गळताहेत.

उर्वे उभी आहे, खुर्ची मागे ढकलून.
दोन वाटा, ती म्हणते.
मागे फिरायचं, सकाळची प्रत परत आणायची:
तीनशे चाळीस आरक्षणं गेली. नक्की गेली.
नाहीतर हा पॅच, एकवीस ओळींचा, न तपासलेला:
बसला तर कुणाला कळणारही नाही,
फसला तर नऊशे.
छापा-काटा.
तौरी लगेच म्हणाला, छापा.

मी टेस्टर. शंका घेण्याचाच पगार घेतो.
तरी माझाही हात पॅचकडेच सरकत होता.
गंमत बघा,
मार्चमध्ये बोनसचं असंच होतं,
ठरलेला घ्या किंवा दुपटीचा डाव खेळा,
तेव्हा हातचं सोडायला एकजण तयार नव्हता.
मिळवताना आम्ही भित्रे, गमावताना शूर.
माणसं तीच, गणित तेच,
फक्त शून्य कुठे मांडलं एवढा फरक.
आणि आमचं शून्य अजून सकाळी नऊवर होतं,
सगळं शाबूत असतानाच्या नऊवर.
बुडत्याचा पाय खोलात का जातो
ते मला तेव्हा उमगलं:
तो अजून काठावरून मोजत असतो.

उर्वेचे वडील, काल्यो,
हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावर रस्ता आखायचे.
भोक पाडायचं, पट्टी घालायची, पुढे चालायचं.
"बर्फ पक्का आहे" असं ते कधीच म्हणाले नाहीत.
म्हणायचे, इथे चोवीस सेंटीमीटर, इथे चोवीस, इथे सव्वीस.
मधलं मला माहीत नाही.
एका वर्षी अर्ध्या वाटेवरून परतले.
काठावरचे लोक हसले.
त्या वर्षी बर्फ फुटला नाही,
म्हणजे, कुणी जाऊन पाहिलं नाही.
ते बरोबर होते की चूक,
यावर त्यांच्या घरी वीस वर्षं वाद चालला.

त्या रस्त्यावर गाडीत पट्टा बांधायचा नसतो.
तसा नियमच आहे.
दार उघडून उडी मारता आली पाहिजे.

उर्वेने मला विचारलं,
तू आत्ता या दारातून आत आला असतास,
सकाळ पाहिलीच नसतीस, तर?
मी म्हणालो,
तर तीनशे चाळीस फोन करायला बसलो असतो.

चार एकतीसला आम्ही मागे फिरलो.
रात्री दहापर्यंत फोन.
वोर्म्सी बेटावरची एक म्हातारी म्हणाली,
मी तशीही येणार नव्हते,
पण कुणीतरी विचारलंत.

सोमवारी तो पॅच वेगळ्या मशीनवर चालवून पाहिला.
चालला. पहिल्याच फटक्यात.
तौरी माझ्याकडे बघत राहिला, मी कॉफीकडे.
उर्वे एवढंच म्हणाली,
इथे चोवीस.