माया

कापड बेतताना शिवणीत दोन बोटं जादा सोडायची,
तिला आम्ही शिंपी माया म्हणतो.
नायकाच्या अंगरख्याला मी तीन बोटं सोडली.
वस्ताद म्हणाले, एवढी कशाला रं, चितारी हाय त्यो, पैलवान नव्हं.
म्हटलं, असू दे. पिक्चरचं काम, कधी संपंल काय नेम.

शाहूपुरीतल्या बाळगोंडा शेठनी
गुळाच्या पैशातनं काढलं होतं ते पिक्चर.
सरदाराची लेक, आणि तिची तसबीर काढाय आलेला चितारी.
रंकाळ्याच्या काठी मुहूर्ताचा नारळ
तिसऱ्या आपटीला फुटला.
नासका निघाला, पण कोण बोललं नाही.
खोबऱ्याऐवजी साखर वाटली.

पहिल्या साली दोघांनी एकमेकांकडं बघायचं, तेवढं झालं.
मग गुळाचा भाव पडला
आणि बघणं तिथंच राहिलं,
अर्धं.
सज्जाचे खांब गोदामात, पोत्यांना टेकून.
घोडा परत टांग्याला.
कारखानीस दिग्दर्शक पुण्याला जाऊन येतो म्हणाले,
खुंटीवर टोपी ठेवून गेले,
ती टोपी अजून आहे.
पिक्चरचं नाव तेवढं बदलत राहिलं. तीनदा.

दुसऱ्या दिवाळीनंतर शशिधर आला
तो गालावर बाळसं घेऊन.
अंगरख्याचे बंद एकमेकांना भेटंनात.
स्टुडिओमागच्या पत्र्याखाली, कंदिलाच्या उजेडात
रात्रभर मी शिवण उसवत बसलो
आणि सकाळी उन्हात धरून बघतोय, तर
दोन्ही बगलांखाली एक एक डाळिंबी पट्टा,
पहिल्या दिवसाच्या रंगाचा.
बाकी सगळं घामानं, उन्हानं विटलेलं.
आत दडलेली माया तेवढी जशीच्या तशी.

नवा दिग्दर्शक ओरडला.
कॅमेऱ्यावरचे मणेरकाका म्हणाले,
काळं-पांढरंच हाय साहेब, जरा गडद दिसंल.
हात खाली ठेवाय सांगा.
म्हणून तिथनं पुढं सगळ्या पिक्चरभर
चितारी हात अंगाशी दाबून प्रेम करतो.
पेपरात आलं, संयत अभिनय.

कुमुदिनीबाई परत आल्याच नाहीत.
कोण म्हणालं लग्न झालं, कोण म्हणालं थकबाकी.
निरोपाचा सीन राहिला होता.
गुजरीत पाटल्या उजळणाऱ्याची बहीण, हौसा,
पाठीला पाठ जुळती म्हणून तिला आणली.
तोंड दाखवायचं नाही, असं बजावलेलं,
तरी ती वेणीत अबोली माळून,
डोळ्यांत काजळ घालून आलेली.
बाईंची चोळी तिला ढगळ.
मी दोन्हीकडनं आत घेतली, घाईनं, टाचण्या लावून.
कापड आत घेतलं की माया वाढते,
बाहेरनं बघणाऱ्याला कळत नाही.
ती म्हणाली, टोचतंय.
मी म्हणालो, झालंच.
एवढंच बोललो आम्ही.

दुपारी एक वाजता संध्याकाळ लावली.
ती सज्जात पाठमोरी, तो खाली, हात दाबून.
कट म्हटल्यावर ती वळली
तर काजळ ओघळलेलं.
टाचणीनं असंल.

आठ दिवस चाललं पिक्चर.
बिलाचं विचाराय गेलो तर शेठनी
गुळाचे चार रवे काढून दिले,
म्हणाले, तोंड गोड कर.
त्यांचंच तोंड एवढंसं झालेलं, घेऊन आलो.

मॅटिनीला मी गोष्ट बघितलीच नाही,
शिवणी बघत होतो.
निरोपाला पुढच्या बाकावरचं पोरगं म्हणालं,
आई, ती बाई वळत का न्हाई?
आईनं त्याला गप्प केलं.
पदर जरा सरकलेला होता.
काढायची राहिलेली एक टाचणी
तिच्या पाठीवर, हातभर लांब,
पांढरीशुभ्र चमकत होती.