खाडा

सोहारला आलो तेव्हा मी चौसष्ट किलो होतो.
एकोणीस वर्षांनी, स्टोअरमधल्या काट्यावर,
जिथे खिळ्यांची खोकी मोजतात,
शहाण्णव.
स्टोअरकीपर परकार म्हणाला,
"दळवी, दोन गोणी सिमेंटला चारच किलो कमी.
ट्रकात चढवायचं म्हटलं तर हमाल जास्तीचे मागतील."

क्लिनिकच्या बीना डॉक्टरांनी कागद दिला.
भात एक वाटी. पोळ्या दोन. खजूर नाही.
शुक्रवारी मात्र चीट डे, हवं ते खा.
मी विचारलं, चीट म्हणजे कोणाला?
त्या हसल्या. पुढचा पेशंट आत आला.

माझं काम टाइमकीपरचं.
चारशे बारा नावं, पहाटे साडेचारला, बसच्या दारात.
आला त्याच्यापुढे बरोबरची खूण,
नाही आला त्याच्यापुढे फुली.
फुलीचा दिवस पगारातून जातो.
आमच्याकडे याला खाडा म्हणतात.
चीट डेचं नाव मी बदलून खाडा ठेवलं.
शब्दातच 'खा' आहे, ते बरं वाटलं.

शनिवारी काही वाटत नाही.
सोमवारी कुंजुमोनच्या टपरीवरून जाताना
तव्यावरचा पराठा हाक मारतो,
पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट.
तो त्यात चीज फासतो, वर चिप्स चुरतो, गुंडाळतो.
कागदातून तेल बोटांना लागतं.
मुदीरच्या केबिनमध्ये कहव्याबरोबर हलवा येतो,
केशरी, थरथरता,
आणि नको म्हटलं की माणूस दुखावतो.
मी बोटाच्या पेराएवढा घेतो.
ते पेर मग संध्याकाळपर्यंत गोड राहतं.

रात्री अकराची मात्र भूक नसते, दुसरंच काही असतं.
वीस मिनिटं थांबा, पाणी प्या, असं कागदावर आहे.
मी गच्चीवर जाऊन
बंदराबाहेर नांगरलेली जहाजं मोजतो.
चौदा असली तर वीस मिनिटं निघतात.
नऊच असली तर खाली येतो
आणि परकारच्या डब्यातला खाजा
त्याला न विचारता.

त्या मंगळवारी लोकबहादुर बसपाशी नव्हता.
फुली मारली.
संध्याकाळी खोलीवर गेलो, तापाबिपाने पडलाय का बघायला.
तो तेलात तांदळाच्या पिठाची कडी सोडत होता,
बांगडीएवढी, सेल रोटी.
पहाटे तीनला धनगढीत मुलगी झाली.
फोनवर तिचं रडणं ऐकत बसला, बस गेली.
"साब, एक तरी."
मी मंगळवार सांगितला. डॉक्टर सांगितल्या. काटा सांगितला.
तो झारा धरून उभाच.
सात खाल्ली.

खोलीवर येऊन माझ्या वहीत मंगळवारपुढे फुली मारली.
मग कंपनीचं मस्टर उघडलं.
त्याच्या फुलीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो.
एकोणीस वर्षांत एकही खोडलेली नाही.
सात कडी पोटात घेऊन
मी त्याचा दिवस कापला.

शुक्रवारी भरपाई म्हणून उपाशी राहिलो,
दुपारी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी.
डॉक्टर रागावल्या. चुकला दिवस चुकला,
दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवायचं, एवढंच.
परकारने मराठी केलं:
"खाड्याचा ओव्हरटाइम मिळत नसतो, दळवी."

काटा आता एक्याण्णववर आहे.
पाच किलो म्हणजे केवढं, शकूने फोनवर विचारलं,
मला दाखवता येईना.

आज लोकबहादुरने बसच्या पायरीवरून मोबाइल पुढे केला.
दुपट्यात गच्च बांधलेली, दुमडलेल्या मनगटांची.
"पाच किलो झाली, साब."
मी एका हाताने मोबाइल धरला,
दुसऱ्याने त्याच्यापुढे खूण केली.
मागे रांग खोळंबली होती.
कुंजुमोनचा तवा तापला होता,
आणि सोमवार होता.