तीनच्या जरा अलीकडे

लॉयल टिपेट, वय एकाहत्तर.
दोन्ही कानांचा आलेख माझ्या टेबलावर:
दोन हजारांपर्यंत नीट चालत आलेली रेघ
आणि मग जिन्यावरून पाय घसरल्यासारखी.
मी सांगत होते मशीन कोणतं,
विमा किती देईल.
तो म्हणाला, ते होईल सावकाश,
आधी मला ॲम्प घ्यायचाय.
मला काय ऐकू येत नाही
हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

म्हणून शनिवारी मी टल्सात,
टायरवाला आणि गहाणवटवाला यांच्या मधल्या
डेल्बर्ट क्रम्पच्या दुकानात,
उलट्या बादलीवर.
समोर लॉयल आणि चार पायांवर उभं त्याचं स्टील गिटार,
दहा तारा, पायाशी तीन पेडलं, गुडघ्यांना दांड्या.
लांबून वाटावं, माणूस शिवणयंत्रावर बसलाय.

पहिला ॲम्प व्हॉल्व्हचा.
बटण दाबून आम्ही तिघं थांबलो,
जुना रेडिओ तापायची वाट बघायचो तसे.
मग सूर आला,
साय आणि साईखाली थोडी खरवड.
लॉयलने पाय दाबला तशी खरवड वाढली.
गिटारवाल्यांना हे आवडतं, तो म्हणाला,
आम्हाला भांडं घासलेलं लागतं.
शिवाय वजन पंचाऐंशी पौंड
आणि हर्निया एकदा शिवून झालेला.

दुसरा नवा, जेवणाच्या डब्याएवढा.
चूक काढायला जागा नाही,
पण सूर संपला की खोलीत काहीच उरत नाही.

तिसरा ट्रान्झिस्टरचा, पंधरा इंची स्पीकरचा,
कुठल्याशा चर्चने विकलेला, कोपरे झिजलेले.
स्वच्छ.
सळई तारेला टेकते तो क्षणसुद्धा ऐकू यावा इतका.

मिरजेला आमच्या बोळात तंबोऱ्यांची जवारी काढत.
घोडीवर दोरा केसभर सरकवायचा,
तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा सरकवायचा.
मला वाटे, ही माणसं काम करतच नाहीत,
नुसती ऐकतात.
आता मला त्याचाच पगार मिळतो.

लॉयलने ट्रेबल आठवर नेलं, वाजवलं,
आणि खुलला. हं, आत्ता!
माझ्या दाढेत सुई गेली.
डेल्बर्ट छताकडे बघू लागला,
आणि मला कळलं की हे सगळ्यांना माहीत आहे,
की बँडमधली रोझेला दोन वर्षं
स्टेजच्या दुसऱ्या टोकाला का उभी राहते.

कमी, मी म्हटलं.
सात.
अजून.
पाच. चार.
बटणाबरोबर त्याचा चेहराही उतरत गेला.
तीनच्या जरा अलीकडे मी हात वर केला.

त्याने तीच जागा पुन्हा घेतली.
एक तार स्थिर, दुसरी पायाच्या दाबाने
तिच्याकडे चढत जाणारी,
मींड, पण टाचेतून आलेली.
डेल्बर्टने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

मला घोंगडीखालून ऐकू येतंय, लॉयल म्हणाला.
बाहेरून छान आहे?
छान आहे.
शपथ?
शपथ.

पर्समधली पांढरी चिकटपट्टी मी दिली.
बटणाशेजारी ती लावून
त्याने बॉलपेनने बाण काढला, दोनदा गिरवला.
तीनशे वीस डॉलर, सगळ्या विसाच्या नोटा.
ट्रकमध्ये चढवताना एक कड मी धरली.
ह्याचंही वजन काही कमी नव्हतं.

आणि कानात मशीन घातल्यावर, त्याने विचारलं,
ही पट्टी चुकीची ठरेल का?

पट्टी राहू दे, मी म्हटलं,
मंगळवारी साडेदहाला ये.
मशीनमधून गाणं सुरुवातीला पत्र्याचं वाटतं,
हे मी त्याला मंगळवारी सांगणार होते.