उरलेला एक

डिसेंबरात इथे दुपारी दोनलाच दिवस मावळतो.
केमी नदी तर कधीच गोठून गेली.
बंद पडलेल्या कागद गिरणीच्या पोटात
आता चारशे बारा यंत्रं घुमत असतात,
त्यांच्या उबेवर गावाचा पोहण्याचा तलाव तापतो.

सानेल्माची रात्रपाळी.
काळ्या पडद्यावर ती पाच अक्षरांची आज्ञा टाइप करते,
ताउनोने लिहिलेली.
रंग नाही, आलेख नाही, कौतुकाचा एक शब्द नाही.
एंटर.
ओळी भराभर उतरतात, आणि तळाशी बेरीज:
अपडेट झाले ४११. फसले ०. उरला १.

‘हे हजेरीपुस्तक आहे, छडी नव्हे,’
ताउनो म्हणायचा.
ऑक्टोबरात निवृत्त झाला, केक न कापताच बूट चढवून निघाला.
मागे हे एवढंसं टूल,
आणि त्यात एक रकाना, ज्याला मथळाच नाही.

नोड २८७. आवृत्ती जुनी. एकसष्ट दिवस.
बिनमथळ्याच्या रकान्यात १९०४.
इतरांपुढे तीन, पाच, फार तर नऊ.
तापमान म्हणावं तर पत्रा वितळला असता,
चुका म्हणाव्यात तर लॉग कोरा.

ती कोड उघडते.
ओळ तीनशे चाळीसवर टीप,
त्याच्या बोलण्यासारखीच तुटक:
किती वेळा कुणी नाव घेऊन विचारलं.

कुणी?
ताउनो. आज पहाटे चार बारा.
काल. परवा. त्याच्या आदल्या दिवशी सदतीस वेळा.
नव्या अपडेटने जुनी खाती सगळीकडून पुसली,
फक्त इथे त्याची किल्ली अजून फिरते.
आणि आत त्याचंच गणित चालू आहे:
वसंतात नदीचा बर्फ कोणत्या दिवशी फुटेल.
गावात दरवर्षी यावर पैज लागते.
तो एकदाही जिंकलेला नाही.

नियम सानेल्माला पाठ आहे.
जबरीचा पर्याय आहे, दोन आडव्या रेघा आणि एक शब्द.
पहिली रेघ टाइप होते.
दुसरीही.
मग कॉफी आठवते. कॉफी संपलेली असते.
ती उगाच खिडकीशी जाऊन येते,
काचेत यंत्रांचे हिरवे दिवे, पलीकडे काही नाही.

बॅकस्पेस. बॅकस्पेस.
पाळीच्या नोंदीत ती लिहिते:
‘२८७ कामात आहे. सोमवारी बघू.’
हे तिने गेल्या सोमवारीही लिहिलं होतं.

मग पुन्हा तीच पाच अक्षरं,
या वेळी पुढे २८७.

१९०५.