कुठलं माहीम

आत्या म्हणते, आपण राजासोबत आलो.
असं म्हणते, जणू परवाच्या एसटीनं आलो
आणि सामान अजून सोडायचंय.
बिंबराजा, त्याच्यामागे सहासष्ट कुळं,
त्यातलं एक आपलं, चुऱ्यांचं.
बरोबर काय आणलं, तर पानवेली, नारळाची रोपं
आणि भांडायची हौस.

भांडण हे, की राजधानी कुठलं माहीम?
केळव्याचं की मुंबईतलं?
काका केळव्याच्या बाजूचे. वारले, पण हटले नाहीत.
आत्या मुंबईची.
पाणी खात्यात पस्तीस वर्षं मीटरच्या नोंदी ठेवल्या,
एक्क्याऐंशी पूर्ण झाली त्या आठवड्यात म्हणाली,
चल, एकदा बघून येऊ. किल्ला आहे ना तिथं.

किल्ला आहे. म्हणजे भिंत आहे,
खाली शेवाळ, वर निळी ताडपत्री,
पलीकडे सी-लिंकच्या ताणलेल्या तारा.
मी बोलले नाही, की हे दगड
राजानंतर कितीतरी शतकांनी रचलेत
आणि रचणाऱ्यांनी त्याचं नावही ऐकलं नसेल.
तिला ठाऊक असणार. आकडे वाचणारी बाई.
तरी तिनं पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली
आणि कुठं वाहायची ते शोधू लागली.

वॉचमन म्हणाला, काम चालू आहे, आत सोडत नाही.
"आम्ही राजाच्या वेळेपासूनचे," आत्या म्हणाली.
त्यानं रजिस्टर पुढं केलं.
"मग इथं सही करा. आणि बाहेरूनच बघा."

भिंतीच्या सावलीत एक बाई बसलेली,
मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा.
"काय शोधताय?"
"राजाची जागा."
ती हसली नाही. सरकून बसली.

हफीझा मुकादम. जन्म इथला, या भिंतीच्या आत.
रेशनकार्डावर पत्ता होता : माहीम किल्ला.
आता लांब कुठं तरी, अकराव्या मजल्यावर.
लिफ्ट आहे. चालते कधीकधी.
"ती तोफेची खाच दिसते? तिच्यात आमचं दूध राहायचं, गार.
तिथं शिलाई मशीन. त्या कोपऱ्यात भाऊ झाला.
आणि राजा म्हणाल, तर तो घरी यायचा आमच्या."

मी आत्याकडे पाहिलं.

"उधाणाला फटीतून पाणी शिरायचं.
अम्मी ओरडायची, राजा आयला, पाय वर घ्या!
आम्ही पाचही जण खाटेवर,
हातात चपला, पातेली, वह्यापुस्तकं.
तो चुलीपर्यंत यायचा. थांबायचा जरा.
जाताना काही ना काही ठेवून जायचा.
एकदा नारळ. एकदा जिवंत निवटी, उड्या मारत.
एकदा सँडल, कोरी करकरीत, पण डाव्या पायाची.
दुसरी आणेल म्हणून अम्मीनं वर्षभर ठेवली होती."
तिनं एक दाणा सोलला.
"तिकडं अकराव्यावर नाही येत तो."

आता आत्या बोलणार, मला वाटलं.
सन सांगेल, वंश सांगेल,
माझ्या लग्नात भटजींची तिथी दुरुस्त करणारी ही.
तिनं चष्मा पुसला,
आणि खात्यातल्या आवाजात विचारलं,
"साधारण किती वाजता यायचा?"

हफीझानं समुद्राकडे बघितलं.
"आज पुनव ना. साडेबाराला, थोडं अलीकडेच.
बसा."

बसलो. दगड तापला होता.
दाणे संपले, मग नुसतं मीठ चाटलं.
लांब चिखलात एक पोरगा खेकडे हुसकत होता,
तो हळूहळू किनाऱ्याकडे सरकला,
मग दिसेना.
पुडी आत्याच्या मुठीत तशीच, घामानं पिवळी.

बारा वीस.
पायरीखाली काहीतरी खळखळलं,
फटीतून फेस वर आला, मागे गेला, पुन्हा आला.
हफीझानं पाय वर घेतले, सवयीनं.
मीही घेतले.

आत्यानं नाही घेतले.
एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर,
ती सावकाश वाकली
आणि तिनं चपला काढल्या.